मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

राजूर नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. नगरकडचे एक, जालन्याकडचे गणपतीचे एक. आम्ही येथे ज्याविषयी लिहीत आहोत ते यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातले, कोळसा आणि चुना यांच्या आधाराने वाढलेले राजूर. मोसमात कोळशाची आणि एरवी चुन्याची धूळ अंगावर घेतलेल्या या वस्तीत मराठी आहे, तशी तेलुगू आहे, हिंदी आहे, छत्तीसगडकडची बोली आहे. पोटामागे आलेल्या माणसांनी आपापली भाषा बरोबर आणली आणि मुले शाळेत जाऊ लागली तशी ती सारी एका मराठी पुस्तकासमोर येऊन बसली.

धर्मग्रामाच्या कामानिमित्त आमचे तेथे जाणे होई. अशाच एका भेटीत खाणीत काम करणाऱ्या एका कुटुंबातील माउलीने चहाचा कप पुढे करीत विचारले, “फादर, पोरगं चौथीत गेलं. त्याले वाचाले काय देऊ, तुमीच सांगा.” प्रश्न साधा होता. आमची सेमिनरीतली इतकी वर्षे ग्रंथांच्या संगतीत गेलेली. उत्तर तयारच होते. पुढच्या खेपेस आम्ही संत डॉमनिक सावियोचे एक छोटे चरित्र घेऊन गेलो. तीन आठवड्यांनी पुस्तक परत आले. कव्हरला डाग नाही, कोपरा दुमडलेला नाही. आवडले का, असे विचारल्यावर तो मुलगा बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “शेवटी तो मरते.”

आम्ही हसलो खरे, पण ते वाक्य मनातून जाईना. वास्तविक डॉन बॉस्को यांनी १८५९ साली हे चरित्र लिहिले ते डॉमनिकबरोबर खेळलेल्या, भांडलेल्या मुलांसाठी. डॉमनिक १८५७ मध्ये वयाची पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधीच वारला होता आणि त्याचे सोबती अजून त्याच अंगणात होते. त्या मुलांना ती आपल्या मित्राची गोष्ट होती. आमच्या हातातल्या संक्षिप्त मराठी पुस्तकातून मात्र अंगण गळून पडले होते आणि केवळ सद्गुण शिल्लक राहिले होते. मग आम्ही स्वतःलाच विचारले, मुलांसाठी ‘चांगले पुस्तक’ म्हणजे काय, हे आपल्याकडे ठरवले कोणी आणि कसे?

प्रथम आपल्या घरचे बोलू. कोणते पुस्तक वाचू नये हे सांगण्याचा ख्रिस्तसभेला मोठा अनुभव. निषिद्ध ग्रंथांची रोमची यादी १५५९ मध्ये निघाली आणि ती १९६६ पर्यंत चालू होती. चारशे वर्षांची ही सवय एका रात्रीत जात नाही. आजही एखादा पालक पुस्तकांविषयी विचारू लागला की आम्हा धर्मगुरूंच्या तोंडी आधी ‘हे नको’ येते, ‘हे घ्या’ मागाहून. परंतु याच ख्रिस्तसभेचा दुसराही एक वारसा आहे आणि तो फारसा कोणाला सांगितला जात नाही. जपानमधील आमाकुसा येथे जेझुइट मिशनऱ्यांनी १५९३ मध्ये आपल्या छापखान्यातून जी पुस्तके काढली, त्यांत इसापच्या गोष्टी होत्या. कोल्हा, लांडगा आणि कावळा यांना त्यांनी जपानी बोलायला लावले. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ते मुलांसाठी नव्हते हे खरे. पण कथा ऐकणाऱ्याच्या भाषेत आणि त्याच्या ओळखीच्या छंदात सांगितली पाहिजे, ही जाण त्या इंग्रज माणसाला होती.

मराठी मुलांचे छापील पुस्तकही इसापाच्याच हाताला धरून आले, आणि तेही महाराष्ट्राबाहेर. तंजावरचे सरफोजीराजे लहानपणी श्वार्ट्झ या प्रॉटेस्टंट मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेले. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापच्या कथांचे मराठी रूपांतर करवून ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापविले. कावेरीकाठच्या तमिळ मुलखात, मराठी राजाच्या दरबारी, ग्रीक गोष्टी! राजूरच्या शाळेत तेलुगू घरातले पोर मराठी धडा वाचते तेव्हा त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या बालसाहित्याचा जन्मच असा सरमिसळीत झाला आहे.

मुंबईत १८२२ मध्ये शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी एक संस्था निघाली. तिच्या कामात सदाशिव काशीनाथ छत्रे होते. मराठी मुलांनी या गृहस्थांचे ऋण विसरू नये. त्यांचे ‘बाळमित्र’ १८२८ चे. मूळ फ्रेंच लेखक बर्क्वीन, त्यावरून इंग्रजी आणि इंग्रजीवरून मराठी. त्याच वर्षी त्यांची ‘इसापनीतिकथा’ आली आणि पुढे कित्येक पिढ्या तिच्यावर वाढल्या. छत्र्यांची भाषा आजही सरळ आणि हसरी वाटते. पण तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट आपल्या घरात शिरली, ती म्हणजे ‘तात्पर्य’. गोष्ट संपली की खाली एक ओळ: काय शिकावे. ही ओळ मराठी मनात इतकी मुरली की गोष्ट सांगून झाल्यावर ती न जोडणारा माणूस आपल्याला अर्धवट वाटू लागला. आम्ही स्वतः पंचवीस वर्षे धर्मशिक्षणाच्या वर्गात तेच करीत आलो आहोत.

मिशनऱ्यांनी या सवयीला खतपाणीच घातले. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि थोड्याच वर्षांत त्यांचा छापखाना सुरू झाला. त्यातून निघालेल्या पत्रिका बहुतेक उपदेशपर होत्या. मात्र याच मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक काढले, हेही नोंदवायला हवे. आणि त्याच परंपरेत पुढे आलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक फुलामुलांचे कवी म्हणून साऱ्या महाराष्ट्राला प्रिय झाले. नागपुरात त्यांचे काही काळ वास्तव्य होते, म्हणून आम्हा वैदर्भीयांना त्यांच्याविषयी थोडी अधिक आपुलकी. पक्ष्यावर आणि फुलावर लिहिताना टिळक उपदेश विसरतात. म्हणूनच त्या कविता मुलांच्या ओठी राहिल्या. कॅथॉलिकांचे म्हणाल तर जर्मन जेझुइट फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ सुरू केला आणि खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती घरांत छापील मराठी पोहोचवली. ते कार्य मोठे होते. परंतु केवळ मुलांसाठी, केवळ आनंदासाठी म्हणून आम्ही कॅथॉलिकांनी मराठीत काय केले, असे कोणी विचारले तर मान खाली घालावी लागेल.

शाळेची क्रमिक पुस्तके मेजर थॉमस कँडी यांच्या हाताखालून गेली. मराठीत विरामचिन्हे रुजविणारे हेच गृहस्थ. त्यांनी भाषेला शिस्त लावली. शिस्तीबरोबर थोडा ताठपणाही आला असे आमचे मत आहे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक काढले आणि १९१४ मध्ये मरण येईपर्यंत ते चालविले. तेहतीस वर्षे एका माणसाने मुलांसाठी लिहीत राहावे, याला व्रतच म्हणावे लागेल. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचा ‘आनंद’ आला. या नावातच फरक कळतो. ओकांना मुलांना बोध द्यायचा होता, आपट्यांना आनंद.

पुढचा इतिहास वाचकांच्या आठवणीतला आहे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आला, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा ‘फास्टर फेणे’ आला. ताराबाई मोडक यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे, म्हणजे आपल्या वसईच्या बांधवांपासून फार दूर नाही तेथे, आदिवासी मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे त्यांनी करून दाखविले. पुस्तकाचेही तसेच असावे. १९६७ मध्ये पुण्यात ‘बालभारती’ची स्थापना झाली आणि १९७१ च्या बालदिनी तिने ‘किशोर’ मासिक सुरू केले. त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. खेड्यातल्या पालकाला, हाती फोन असल्यास, याहून मोठे वाचनालय मिळणार नाही.

हे सारे वाचीत असता एक दिवस शुभवर्तमानातील दाखले पुन्हा उघडले. सेमिनरीत ते आम्ही अर्थासाठी वाचले होते. या वेळी केवळ गोष्ट म्हणून वाचले. प्रभू येशू लोकसमुदायाला दाखला सांगतो आणि बहुधा तेथेच थांबतो. उलगडा शिष्यांना, एकान्तात, तोही त्यांनी विचारल्यावर. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट एका प्रश्नावर येऊन थांबते आणि उत्तर ऐकणाऱ्यालाच द्यावे लागते. उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही, हे आपल्याला सांगितलेलेच नाही. ज्याला सर्व ठाऊक होते त्याने तात्पर्य राखून ठेवले आणि आम्ही मात्र चौथीतल्या मुलावर विश्वास ठेवायला तयार नव्हतो.

राजूरला पुढच्या खेपेस जाताना आम्ही पिशवीत निराळी पुस्तके घेतली. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ या मालिकांतली काही होती. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी यांहून चांगले मराठीत आम्ही पाहिलेले नाही. घरातली माणसे, बाजार, रुसवा, आजी, चित्रेही त्यांचीच. घरी मराठी न बोलणारे मूलसुद्धा चित्राच्या आधाराने वाक्याच्या अर्थापर्यंत जाते. अशा मुलाला आधी चित्र वाचू द्यावे, स्वतःच्या बोलीत सांगू द्यावे. ‘पोट्टं’ म्हणाले तर ‘मुलगा म्हण’ अशी लगेच दुरुस्ती करू नये. कोलाम, गोंड घरांतील मुले या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. पहिल्या यत्तेत त्यांना भाषा आणि अक्षर ही दोन्ही ओझी एकदम उचलावी लागतात. पाचवीत जाऊनही दुसरीचा उतारा न वाचता येणारी मुले देशभर मोठ्या संख्येने आढळतात, असे वर्षानुवर्षे पाहण्यांतून दिसून आले आहे. त्या मुलांना आळशी म्हणणे हे पाप आहे, असे आम्ही व्यासपीठावरूनही सांगितले आहे.

तिसरी-चौथीसाठी पुरंदऱ्यांनीच संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे बालगटाचे भाग आहेत; जुन्यानव्या मराठी लेखनातले वेचे आणि सोबत भारतीय चित्रकला. घरात एकच पुस्तक घेण्याची ऐपत असेल तर हे घ्यावे. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तके स्वस्त असतात. त्याच ट्रस्टने काढलेले, चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलेले ‘तोत्तोचान’ मोठ्या माणसाने रोज एक प्रकरण वाचून दाखवावे असे आहे. तेत्सुको कुरोयानागी यांची ही शाळा रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरे. कोळशाच्या वाघिणी रोज पाहणाऱ्या मुलांना त्याचे जे वाटते ते पुण्यामुंबईच्या मुलांना वाटणार नाही.

‘श्यामची आई’विषयी आमचे मत काहींना रुचणार नाही. ते पुस्तक थोर आहे. पण आठ वर्षांच्या मुलाच्या हाती ते एकट्याने वाचायला देऊ नये. गुरुजींनी त्याची रचनाच रात्रीच्या गोष्टींची केली आहे, कोणीतरी सांगतो आहे आणि बाकीचे ऐकत आहेत अशी. तसेच ते ऐकवावे, आईने किंवा बापाने, एका रात्री एक. संतचरित्रेही द्यावीत, अवश्य द्यावीत. पण ज्यांत संत लहानपणी काय खेळला, कोणाशी भांडला, कशाला घाबरला हे आहे अशी. ती नसतील तर आम्ही लिहिणाऱ्यांनी ती लिहायला हवीत. हे काम पालकांचे नाही, आमचे आहे.

त्या माउलीच्या घरी आम्ही पिशवी रिकामी केली आणि या वेळी काहीच सुचविले नाही. मुलाने सारी पुस्तके जमिनीवर मांडली, दोनतीन उघडून चित्रे पाहिली आणि ‘फास्टर फेणे’ उचलले. आईने आमच्याकडे पाहिले. ते जाड होते आणि चौथीच्या मानाने अवघड. आम्ही गप्प बसलो. त्याने पहिले पान बोट ठेवून वाचायला घेतले, तिसऱ्या ओळीवर अडखळला, मागे आला, पुन्हा वाचले.

ते पुस्तक अजून परत आलेले नाही. चौकशी केली तेव्हा कळले की ते शेजारच्या तेलुगू घरातल्या दोन भावांकडे आहे आणि त्यातले एक पान सुटले आहे. आम्ही दुसरी प्रत मागविली आहे.