तोमोए शाळेच्या इतिहासाची स्मृतिरूप साधने

टोकियो शहराच्या नैर्ऋत्य भागात इ. स. १९२७ मध्ये एक नवे रेल्वे स्थानक सुरू झाले. जवळच्या कुहोनबुत्सु या बौद्ध मंदिरावरून त्यास प्रथम ‘कुहोनबुत्सु-माए’ असे नाव देण्यात आले. दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, ते बदलून ‘जियुगाओका’, म्हणजे स्वातंत्र्याची टेकडी, असे ठेवले गेले. हे नवे नाव त्या भूमीचे पुरातन नाव नव्हे. किशिए तेझुका या शिक्षणसुधारकाने तेथे नुकत्याच काढलेल्या ‘जियुगाओका गाकुएन’ या शाळेवरून ते आले. जपानात तैशो राजवटीच्या काळात (१९१२–१९२६) बालकाच्या स्वयंप्रेरणेस मान देणाऱ्या ज्या शाळा निघाल्या, त्या परंपरेतील ही शाळा होय. तेझुका १९३६ मध्ये निवर्तले. पुढील वर्षी शाळेचा बालवर्ग व प्राथमिक विभाग सोसाकु कोबायाशी (१८९३–१९६३) यांनी आपल्याकडे घेतला आणि त्यास ‘तोमोए गाकुएन’ असे नाव दिले. ही शाळा आठ वर्षे चालली व १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळून गेली.

मराठी वाचकास ही शाळा अपरिचित नाही. तेत्सुको कुरोयानागी यांच्या ‘तोत्तोचान’ या पुस्तकाचा चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेला अनुवाद महाराष्ट्रातील शिक्षकवर्गात आवडीने वाचला गेला. तथापि पुस्तक म्हणून जे वाचले जाते, ते इतिहासाचे साधन म्हणून कितपत व कोणत्या रीतीने वापरता येईल हा प्रश्न स्वतंत्र आहे. तो महत्त्वाचाही आहे. कारण या शाळेविषयीची सामान्य वाचकाची जवळजवळ सर्व माहिती तिच्या एका माजी विद्यार्थिनीच्या स्मरणातून आलेली आहे.

शाळेचा आकार लहान होता. एकंदर विद्यार्थी पन्नासांच्या आत. वर्गखोल्या म्हणजे निकामी झालेले सहा आगगाडीचे डबे. प्रत्येक मुलाने सकाळी आपल्या आवडीच्या विषयापासून आरंभ करावा, जेवणाच्या डब्यात काही ‘समुद्राचे’ व काही ‘डोंगराचे’ असावे, आवारातील एकेक झाड एकेका मुलाने आपले मानावे, अशी तेथील रीत होती. कोबायाशी हे मूळचे संगीतशिक्षक. १९२३ मध्ये ते युरोपास गेले व पॅरिस येथे एमिल जाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) यांच्या पद्धतीचे शिक्षण त्यांनी घेतले. संगीताच्या लयीवर शरीराची हालचाल करीत मन व देह यांचा मेळ साधावयाचा, हे त्या पद्धतीचे मर्म. शाळेचे ‘तोमोए’ हे नावही त्याच कल्पनेचे द्योतक आहे. तोमोए म्हणजे स्वल्पविरामाच्या आकाराचे एक जुने जपानी चिन्ह. शाळेच्या बोधचिन्हात अशा काळ्या व पांढऱ्या दोन आकृती परस्परांत गुंफलेल्या होत्या.

अशा शाळेची कागदपत्रे विपुल असावीत अशी अपेक्षा होते. घडले ते उलट. कोबायाशींना प्रसिद्धीचा तिटकारा होता. शाळेची छायाचित्रे घेऊन तिच्या वेगळेपणाचा गवगवा करणे त्यांनी युद्धापूर्वीही टाळले. कुरोयानागी यांच्या मते ही एवढीशी शाळा त्या काळात टिकून राहिली याचे एक कारण हेच असावे. हा तर्क पटण्याजोगा आहे. १९३७ हे जपान-चीन युद्ध भडकल्याचे वर्ष. त्यानंतर जपानी शाळांवर सैनिकी शिस्तीचा पगडा वाढत गेला. अशा दिवसांत मुलांना मनाजोगता विषय निवडू देणाऱ्या संस्थेने अधिकाऱ्यांच्या नजरेत न येणेच श्रेयस्कर होते. म्हणजे ज्या मौनामुळे शाळा जगली, त्याच मौनामुळे तिचा लेखी पुरावा तोकडा राहिला. आणि जो काही आवारात असेल त्यावर अग्निबाँब पडले.

उरले ते विद्यार्थी. दरवर्षी ३ नोव्हेंबरला त्यांचा मेळावा भरत असे. ही तारीख त्यांनी सहज निवडलेली नव्हती. शाळेचा क्रीडादिन ३ नोव्हेंबरला होई; त्या दिवशी सहसा पाऊस पडत नाही म्हणून मुख्याध्यापकांनी ती तारीख धरली होती. विजेत्यांना बक्षीस म्हणून भाजीपाला मिळे व तो घरी नेऊन रात्रीच्या जेवणात शिजवावा असे त्यांना सांगितले जाई. मेळाव्याची जागा कुहोनबुत्सु मंदिरातील एक दालन ही होती. लहानपणी याच मंदिरापर्यंत मुले शिक्षकांबरोबर पायी फिरावयास जात आणि वाटेत फुले, कीटक पाहत शिकत. स्थानकाच्या नावातून जे मंदिर शाळेने दूर केले होते, त्याच मंदिराने शाळा नाहीशी झाल्यावर तिच्या मुलांना आसरा दिला, ही गोष्ट मोठी गमतीची आहे.

या वार्षिक भेटींचे मोल केवळ स्नेहाचे नाही. एकट्याचे स्मरण वर्षानुवर्षे घासून गुळगुळीत होते. दहाजण एकत्र बसले की एकाची चूक दुसरा सुधारतो. कोबायाशींची एक कन्या कुरोयानागी यांच्याच वर्गात होती, त्यामुळे शिक्षकाच्या घरातील बाजूही या वर्तुळात उपलब्ध होती. कुरोयानागी यांचे लेखन ‘यंग वुमन’ या कोदान्शा प्रकाशनसंस्थेच्या मासिकात फेब्रुवारी १९७९ ते डिसेंबर १९८० या काळात क्रमशः आले आणि १९८१ मध्ये ग्रंथरूप झाले. तोपर्यंत शाळा जळून पस्तीस वर्षे लोटली होती. एवढ्या अंतरानंतरही त्यातील तपशील ठसठशीत राहिले, याचे बरेचसे श्रेय या मेळाव्यांस द्यावे लागेल.

पुस्तकाचा नीट विचार केल्यास त्यात निरनिराळ्या प्रतीची साक्ष एकत्र आलेली आढळते. आरंभीचाच प्रसंग घ्यावा. तोत्तोचानला पहिल्या शाळेतून काढून टाकले, ही घटना सर्व कथेचा पाया आहे. परंतु आपणास काढून टाकले होते हे त्या मुलीस त्या वेळी ठाऊकच नव्हते. वयाची वीस वर्षे उलटल्यावर आईने ते सांगितले. म्हणजे पहिले प्रकरण ही आईची साक्ष आहे. शेवटचा प्रसंगही तसाच. जळत्या शाळेकडे पाहत कोबायाशींनी आपल्या मुलास, आता पुढची शाळा कशी बांधू या, असे विचारले. हे वाचताना डोळ्यांपुढे चित्र उभे राहते. पण त्या वेळी लेखिका टोकियो सोडून ईशान्येकडे निघालेल्या गाडीत होती. ही साक्ष तेथे हजर असलेल्यांची होय.

याच्या उलट काही प्रसंगांस एकच साक्षीदार आहे. पोलिओने अधू झालेल्या एका सहाध्यायास तोत्तोचानने शिडी लावून आपल्या झाडावर चढविले, ही गोष्ट त्या दोघांखेरीज कोणासही ठाऊक नव्हती. तो मुलगा शाळेत असतानाच वारला. मेळाव्यातील कोणीही या प्रसंगास दुजोरा देऊ शकत नाही वा तो खोडूनही काढू शकत नाही. आणखी एक प्रकार आहे. शरीराची वाढ खुंटलेला एक विद्यार्थी क्रीडादिनाच्या शर्यतींत सर्वांत पुढे राही. त्या शर्यती मुख्याध्यापकांनी मुद्दाम त्याच्या ठेवणीस अनुकूल अशा योजल्या असाव्यात, हा पुस्तकातील उलगडा बालवयातील नाही. तो प्रौढ मनाने मागाहून लावलेला अर्थ आहे. तो बरोबरच असण्याचा संभव मोठा. तरीही निरीक्षण कोणते आणि अनुमान कोणते, हा भेद अभ्यासकाने राखलाच पाहिजे.

पहिल्या भेटीत मुख्याध्यापकांनी त्या मुलीचे बोलणे चार तास ऐकून घेतले, हा प्रसंग बहुधा पुस्तकातील सर्वांत प्रसिद्ध. तास खरोखर चार होते की तीन, याची शहानिशा कोणी करू शकणार नाही, आणि करण्याचे कारणही नाही. एका सहा-सात वर्षांच्या मुलीस आपले सर्व बोलणे संपेपर्यंत कोणी तरी ऐकले असे वाटले, आणि ते वाटणे चाळीस वर्षे टिकले, ही शाळेच्या इतिहासातील स्वतंत्र वस्तुस्थिती आहे. हजेरीपटातून ती कळली नसती.

चित्रांविषयी मात्र सावध राहावे लागते. पुस्तकातील मुलांची हळुवार जलरंगचित्रे चिहिरो इवासाकी यांची आहेत. इवासाकी १९७४ मध्ये, म्हणजे लेखनास प्रारंभ होण्यापूर्वीच, दिवंगत झाल्या होत्या. त्यांच्या मागे राहिलेल्या संग्रहातून ही चित्रे निवडली गेली. ती तोमोएची नव्हेत. वाचकाच्या मनात या शाळेचे जे दृश्य रूप ठसले आहे ते तिच्या विद्यार्थ्यांच्या स्मृतीतूनही आलेले नाही, हे लक्षात घेतलेले बरे.

मुलांच्या स्मरणात काय राहत नाही, हेही पाहण्यासारखे आहे. शाळेचा खर्च कसा भागे, अधिकाऱ्यांशी कोबायाशींना कसे वागावे लागे, इतर शिक्षकांना किती कष्ट पडत, यांविषयी पुस्तक जवळजवळ मुके आहे. युद्ध येते ते स्थानकावरील यंत्रातून गोळ्या मिळेनाशा झाल्या, शाळेतील सर्वांच्या आवडत्या गड्यास सैन्यात बोलावणे आले व त्यास निरोप देण्यासाठी चहापानाचा समारंभ झाला, अशा रूपाने. ही उणीव म्हणता येईल. पण उपासमार व भरती यांची आकडेवारी अन्यत्र मिळते, रिकाम्या गोळ्यांच्या यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या मुलीची नोंद अन्यत्र सापडत नाही.

खुद्द कोबायाशींवर या स्मृतीने थोडा अन्यायही केला आहे. जपानमधील लयशिक्षणाच्या आद्य प्रसारकांत त्यांची गणना होते. बालवर्गाच्या शिक्षकांना घडविण्याचे त्यांचे कार्य तोमोएपूर्वी सुरू झाले आणि तिच्यानंतरही चालले. युद्धोत्तर काळात त्यांनी बालवर्ग पुन्हा उघडला व कुनिताची येथील संगीत विद्यालयात अध्यापन केले. प्राथमिक शाळा पुन्हा उभारण्याचा त्यांचा मनोदय १९६३ मधील मृत्यूने अपुरा राहिला. त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले ते १९८५ मध्ये, विद्यार्थिनीच्या पुस्तकानंतर चार वर्षांनी, आणि त्या पुस्तकाने निर्माण केलेल्या कुतूहलामुळेच. सामान्यतः गुरूच्या चरित्रात शिष्य येतो. येथे शिष्येच्या आठवणींमागून गुरूचे चरित्र आले. पुस्तकाचा पहिल्या वर्षातील खप सुमारे ४५ लाख प्रती होता. एवढ्या मोठ्या आवाजापुढे मंदिरातील दालनात जमणाऱ्या मंडळींच्या निरनिराळ्या, बारीक आठवणी मागे पडणे अपरिहार्य होते. मोठी झाल्यावर याच शाळेत शिक्षिका होईन असे वचन कुरोयानागी यांनी लहानपणी मुख्याध्यापकांस दिले होते. ते पाळण्यास शाळाच उरली नाही.

शाळेच्या मूळ जागी पुढे एक मोठे दुकान व मोटारी उभ्या करण्याचे आवार झाले. २०१६ मध्ये नागानो प्रांतातील मात्सुकावा या गावी, चिहिरो कलासंग्रहालयालगतच्या उद्यानात, त्या भागातील विद्युत रेल्वेचे दोन जुने डबे आणून ठेवण्यात आले. त्यांपैकी एकात बाके मांडून तोमोएचा वर्ग सजविण्यात आला. मूळच्या सहा डब्यांपैकी त्यात एकही नाही.