परिचारिकेच्या हाती आलेले औषध

औषध ठरवावे डॉक्टरांनी आणि ते वेळेवर द्यावे परिचारिकेने, असा रुग्णालयांचा जुना दंडक होता. हृदयविकाराने तो मोडला. झटक्यानंतरच्या पहिल्या काही तासांत हृदयाची लय अकस्मात बिघडू शकते. डॉक्टर येईपर्यंत रोगी हातचा जातो. अशा रोग्यांना एकत्र ठेवून त्यांच्या हृदयाच्या आलेखावर अखंड लक्ष ठेवावे, असे ब्रिटिश डॉक्टर डेस्मंड ज्यूलियन यांनी १९६१ साली सुचविले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे डॉ. ह्यूज डे यांनी असा कक्ष उघडला.

परंतु यंत्र धोका दाखविते. उपचार करावयाचा कोणी? फिलाडेल्फियाचे डॉ. लॉरेन्स मेल्ट्झर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांचे उत्तर होते : जी रोग्याच्या उशाशी आहे, तिनेच. आलेख वाचणे, विजेचा धक्का देऊन हृदय लयीवर आणणे, हे सारे त्यांनी परिचारिकांना शिकविले. १९६५ मध्ये खास परिचारिकांसाठी पाठ्यपुस्तकही काढले. पूर्वलिखित आदेशानुसार लिग्नोकेन शिरेतून देण्याचे काम अशा कक्षांत परिचारिकांकडे येत गेले. अधिकारापाठोपाठ जोखीमही आली. लय सावरणारे हेच औषध प्रमाणाबाहेर गेले, तर रोग्याला आकडी येते. म्हणून मिनिटाला किती मिलिग्रॅम, हे गणित शुश्रूषेचा भाग झाले.

शिक्षण वाढले, तरी अपघात सरले नाहीत. अमेरिकेतील रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या जॉइंट कमिशनने १९९८ साली पोटॅशियम क्लोराइडमुळे झालेल्या दहा मृत्यूंचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी आठ वेळा तीव्र द्रावण तसेच शिरेत गेले होते. आणि या आठांपैकी सहा वेळा ते भलतेच औषध समजून दिले गेले होते, कारण मुख्यतः कुप्या आणि त्यांवरील चिठ्ठ्या सारख्या दिसत होत्या. पोटॅशियम एकदम शिरेत गेल्यास हृदय थांबते, हे परिचारिकांना शिकविलेलेच असते. पण हातात पोटॅशियम आहे, हेच जिला उमगले नाही, तिला ते ज्ञान काय उपयोगाचे?

म्हणून तीव्र पोटॅशियमच्या कुप्या रोग्यांच्या कक्षांत ठेवूच नयेत, असा सल्ला कमिशनने दिला. जोखमीच्या औषधाची मात्रा दुसऱ्या परिचारिकेने, पहिलीचे उत्तर न पाहता, स्वतंत्रपणे काढावी, ही रीतही रुजत गेली. नुसती मान डोलावणारी साक्षीदार तेथे कामाची नाही.

आपल्या हातून चूक होऊ शकते, हे मानणे म्हणजे परिचारिकेच्या विद्वत्तेचा अवमान नव्हे. कसलेली परिचारिकाही थकते, घाईत असते. आणि रोग्याचे प्राण तिच्या एकटीच्या स्मरणशक्तीवर टांगून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही रुग्णालयाला नाही.