वकिलाची संध्याकाळ

१९९१च्या जूनमध्ये माझ्यासमोर दोन कागद होते. एक बँकेतल्या कारकुनीच्या नेमणुकीचं पत्र, दुसरा एम.ए. संगीताच्या प्रवेशाचा अर्ज. वडील पेपरातून मान वर न करता म्हणाले, “गाणं काय, संध्याकाळीही होतं.” मी बँकेत रुजू झाले आणि त्या एका वाक्याचा राग पुढे वीसेक वर्षं सांभाळला.

तो राग पहिल्यांदा डळमळला भातखंड्यांमुळे. विष्णु नारायण भातखंडे म्हटलं की आपल्याला थाट, स्वरलिपी आणि क्रमिक पुस्तकं आठवतात. ते वकील होते, हे विशारदच्या परीक्षेपुरतं पाठ करून मीही विसरले होते. १८६०चा जन्म, वाळकेश्वरचा. १८८५ साली बी.ए., १८८७ साली एलएल.बी. काही काळ कराचीत आणि मग मुंबईत वकिली. संगीताची पदवी तेव्हा घ्यायची म्हटली तरी मिळणार कुठे? त्यांचं शिक्षण झालं ते गायन उत्तेजक मंडळीत. पारशी मंडळींनी काढलेला हा संगीताचा क्लब. तिथे रावजीबुवा बेलबागकरांकडून धृपदं आणि अली हुसेन यांच्याकडून ख्याल त्यांनी घेतले. पन्नाशीच्या सुमारास ते वकिलीतून बाहेर पडले. तोवर १९०४चा दक्षिणेचा प्रवास आणि त्यानंतरचे उत्तर-पूर्वेचे दौरे झाले होते. पत्नी आणि मुलगी, दोघींचे मृत्यूही तोवर पचवून झाले होते.

भातखंड्यांच्या कामात पोटाचा प्रश्न फार आतपर्यंत गेलेला आहे, असं मला वाटतं. उस्ताद चिजा लपवत, अशी तक्रार आपण सवयीने करतो. पण चीज ही त्यांची शेतजमीन होती. मुलाला वारसा द्यायचा तो तोच, आणि दरबारात किंमत व्हायची तीही तिच्यावरच. ती कागदावर उतरवून चार-आठ आण्यांना विकायला काढावी, हे सुचायला आणि परवडायला माणसाचं घर दुसऱ्या कशावर तरी चालावं लागतं. भातखंड्यांचं चालत होतं. त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ लिहिली ती मराठीत, गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात, आणि तीही टोपणनावाने. कीर्तीवर पोट अवलंबून नसलेला माणूसच हे करू जाणे. ज्यांच्याकडून त्यांनी चिजा घेतल्या, त्यांच्यापुढे मात्र माझ्यासारखे दोन कागद कधी नव्हतेच. हे मला आज जास्त टोचतं.

याच्या नेमकं उलट उदाहरण पलुसकरांचं. कुरुंदवाडचा मुलगा. फटाक्याने दृष्टी अधू झाली आणि शाळेचं शिक्षण खुंटलं, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला. निवड वगैरे काही नाही. पण गाण्यावर अब्रूने जगता आलं पाहिजे, हा हट्ट त्यांनी धरला. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ साली मुंबईत. उपदेशक वर्गातली मुलं तिथेच राहून, जेवून शिकत आणि त्या बदल्यात विद्यालयाचं काम करत. संगीतशिक्षक नावाची नोकरी आपल्याकडे रुळली, त्यात या वर्गाचा वाटा फार मोठा. हिशेब मात्र जुळला नाही. मुंबईच्या इमारतीसाठी काढलेलं कर्ज फिटेना आणि १९२४च्या सुमारास ती वास्तू हातची गेली. माझे वडील मला भीती घालत ती नेमकी हीच. त्यांना पलुसकर ठाऊक नव्हते एवढंच.

दोन्ही वाटा शेवटी एकाच दाराशी आल्या. भातखंड्यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज उभं राहिलं. तिथे १९२८पासून प्राचार्यपद सांभाळणारे त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर मुंबईचे बी.ए. होते. पलुसकरांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर १९५०च्या सुमारास बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचे प्रमुख झाले. मी न भरलेला अर्ज इथून आला. एका वकिलाच्या फावल्या वेळातून आणि एका कर्जबाजारी गवयाच्या हट्टातून.

या गोष्टीचा मी बरीच वर्षं सोयीने उपयोग केला. भातखंडेसुद्धा आधी वकील होते, असं मैफलीच्या मध्यंतरात चहाचा कप हातात धरून मी किती जणांना सांगितलं असेल!

गेल्या महिन्यात भाची आली. हिंजवडीतल्या कंपनीची नोकरी हातात आहे आणि एम.ए. संगीताला प्रवेशही मिळालाय. तिलाही मी हे सगळं सांगितलं, पुस्तकाचा पहिला भाग काढून दाखवला. तिने तो चाळला. मग भिंतीशी गवसणी घालून ठेवलेल्या माझ्या तंबोऱ्याकडे पाहिलं.

“मावशी, तू बँकेतून घरी किती वाजता यायचीस गं?”

“सहाला,” मी म्हटलं.