पोकळ भिंतीचा इतिहास

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमची शाळा एका जुन्या वाड्यात भरते. सहावीच्या वर्गावर मी शिकवत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा कर्कटकाने भिंत ठोकताना दिसला. "काय चाललंय रे?" मी ओरडलो. तो उभा राहून म्हणाला, "सर, इथं पोकळ वाजतंय. आत काहीतरी असणार." सारा वर्ग खो खो हसला. मी त्याला तास संपेपर्यंत दाराबाहेर उभे केले.

ही विद्या त्याने कोठे मिळवली, हे मला पक्के ठाऊक होते. व्हिडिओ गेममध्ये! ठाऊक असायचे कारण असे की, मीही त्याच शाळेचा विद्यार्थी. मॅट्रिकच्या पलीकडे मी गेलो नाही. पण १९९०च्या दशकात दिवाळीच्या सुट्टीत आत्याकडे गेलो की, टीव्हीला डबा जोडायचा, कॅसेटच्या तोंडात फुंकर मारायची आणि दिवसभर भिंती फोडायच्या, हे शिक्षण मात्र मन लावून पुरे केले. त्या भिंतींचा इतिहास मोठा रंजक आहे.

त्याचा आरंभ एका गाऱ्हाण्यातून झाला म्हणा ना. अमेरिकेतली अटारी कंपनी आपल्या खेळांवर ते रचणाऱ्यांची नावे छापत नसे. ह्याच रागाने १९७९ साली तिचे चार कारागीर बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन ही नवी कंपनी काढली. वॉरन रॉबिनेट ह्या तरुणाने मात्र निराळी युक्ती केली. 'ॲडव्हेंचर' नावाच्या त्याच्या खेळाला अवघी ४ किलोबाइट जागा होती. तेवढ्यातच कोणाला न सांगता त्याने एक गुप्त खोली बांधली. भुलभुलैयात लपवलेला एक करडा ठिपका सापडला आणि तो योग्य जागी नेला, तर भिंतीतून पार होता येई. आणि आत रंगीत अक्षरांत त्याचे नाव झळके! खेळ १९८० साली बाजारात आला, तेव्हा स्वारी नोकरी सोडून गेलीही होती. सॉल्ट लेक सिटीच्या एका मुलाने ती खोली शोधून कंपनीला पत्र लिहिले, तेव्हा कोठे मालकांना पत्ता लागला. ह्याहून जुन्या खुणाही पुढे इतर खेळांत सापडल्या आहेत. पण गाजली ती ही खोली.

पुढचे पान जपानचे. १९८५ साली निन्टेंडो कंपनीचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे रचनाकार. मियामोतोंचे बालपण क्योतोजवळच्या सोनोबे गावी गेले. तेथे रानात भटकताना त्यांना एक गुहा सापडली होती. पुढे कंदील घेऊन ते आत शिरले. आत काय असेल, ही त्या वेळची छातीतली धडधड त्यांनी पुढे जगभरच्या मुलांना वाटली.

हा सारा खेळ ४० किलोबाइटांत बसवलेला. जागेची इतकी ओढाताण की, झुडुपे आणि ढग ह्यांचा आकार एकच. फरक फक्त रंगाचा. अशा काटकसरीच्या संसारातही त्यांनी चोरखोल्यांसाठी जागा राखली. लहान मारिओने वीट ठोकली तर ती नुसती हलते; मोठा झाल्यावरच ती फुटते. दुसऱ्या टप्प्यातले भुयार आठवा. छतातली वीट फोडून, नाहीतर शेवटच्या वर चढणाऱ्या फळीवरून उडी मारून छतावर गेले आणि तसेच पुढे चालत राहिले, तर शेवटी तीन नळ दिसतात. ते थेट दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जगात नेतात. पण मला आजही आठवते ती नळांवरची स्वागताची पाटी. नियमबाह्य वाटेने कोणी वात्रट पोर येथवर येणार, हे ओळखून कोणी तरी आधीच 'या' म्हणून ठेवले होते!

त्याच भुयारात एक न बांधलेली वाटही निघाली. नळाशेजारची भिंत न फोडता एका विशिष्ट उडीने मारिओ तिच्यातून आरपार जाई आणि चुकीने भलत्याच जगात पडे. तेथे नुसते पाणी. शेवटच्या नळात शिरावे तर पुन्हा आरंभाला. प्रत्येक भिंतीमागे धन नसते, हेही त्या खेळाने शिकवले.

मग भिंती फोडण्याचे पेवच फुटले. १९८६ च्या 'कॅसलव्हेनिया'त चाबकाने भिंत फोडली की आत भाजलेले मांस मिळे. भुताटकीच्या वाड्यात ते कोणी रांधून ठेवले, हे विचारायचे नाही! १९९४ च्या 'डाँकी काँग कंट्री'त पिंप फेकून भिंतीत भगदाड पाडता येई. १९९१ चा झेल्डा मालिकेतला खेळ काही उड्यांचा नव्हे. पण त्यात तलवारीने भिंत ठोकली की पोकळ भिंत निराळी वाजे. बाजारात मडके वाजवून घ्यावे तसे!

निराळी वाजे... हे लिहिताना लेखणी अडली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकट्याने ती भिंत ठोकून पाहिली होती. खरेच पोकळ वाजली. शिपाईमामांना विचारले, तर ते म्हणाले, "तिथं देवळी होती, सर. पूर्वी दिवा ठेवायचे तिच्यात. वाड्यात शाळा आली तेव्हा बुजवली."

हे दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगायला हवे होते. जीभ रेटली नाही. मग सहामाही आली, सुट्टी लागली. तो मुलगा त्यानंतर भिंत ठोकत नाही. प्रश्नही विचारत नाही.

शाळा उघडली की पहिल्याच तासाला त्याला पुढे बोलावून सर्वांदेखत म्हणायचे आहे, "तुझं खरं होतं." एवढी एक वीट फोडण्याइतका मी मोठा झालो आहे की नाही, ते त्या दिवशी कळेल.