अनुकूली प्रकाशकी : भूस्थित दूरदर्शकांच्या प्रतिमांचे शुद्धीकरण

वातावरणातून येताना विकृत झालेले प्रकाशाचे तरंगाग्र, आकार बदलू शकणाऱ्या आरशाच्या साहाय्याने क्षणोक्षणी पूर्ववत करण्याच्या तंत्रास अनुकूली प्रकाशकी म्हणतात. हवेच्या निरनिराळ्या तापमानांच्या थरांचा प्रणमनांक सारखा नसतो. त्यांच्या खळबळीमुळे तारे लुकलुकतात व दूरदर्शकातील प्रतिमा पसरट होते. २ मी. व्यासाच्या आरशाची विभेदनक्षमता दृश्य प्रकाशात सुमारे ०.०७ विकला असावयास हवी. प्रत्यक्षात प्रतिमा बहुधा १ विकला किंवा अधिक रुंद असते. म्हणजे मोठ्या आरशाने प्रकाश जास्त मिळतो, पण तपशील वाढत नाही.

न्यूटन यांनी ऑप्टिक्स (१७०४) या ग्रंथात यावर उंच पर्वतशिखरांवरील शांत हवा हा उपाय सुचविला होता. १९५३ मध्ये अमेरिकन ज्योतिर्विद होरेस बॅबकॉक यांनी विकृतीचे मापन करून ती लगेच दुरुस्त करण्याची कल्पना मांडली. परंतु त्यासाठी लागणारे जलद संगणक तेव्हा नव्हते. पुढे अमेरिकेच्या लष्कराने हे तंत्र गुप्तपणे विकसित केले. तेजस्वी तारा जवळ नसल्यास लेसरने आकाशात कृत्रिम तारा निर्माण करावा, असे फ्रान्समधील फॉय व लाबेरी यांनी १९८५ मध्ये सुचविले. १९८९ मध्ये फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत अवरक्त प्रकाशात या तंत्राचा ज्योतिषशास्त्रीय वापर यशस्वी झाला. लष्करी संशोधन १९९१ मध्ये खुले झाले. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी कमी असल्याने तेथे दुरुस्ती अधिक सूक्ष्म व जलद करावी लागते. त्यामुळे ते यश कठीण ठरले.

महाराष्ट्रात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी पुण्यात १८८८ मध्ये उभारलेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत ५१ सेंमी. व्यासाचा दूरदर्शक होता. १९१२ मध्ये ती बंद होऊन तो कोडईकानलला गेला. त्यानंतर २००६ मध्ये पुण्याच्या आयुका या संस्थेने गिरवली येथे २ मी. दूरदर्शक कार्यान्वित केला. याच संस्थेने कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने रोबो-एओ ही प्रणाली तयार केली. ती २०११ मध्ये पालोमार येथील १.५ मी. दूरदर्शकावर बसविण्यात आली. लेसर वापरणारी ही पहिली पूर्णतः स्वयंचलित प्रणाली होय. तिचा जंबुपार लेसर डोळ्यांना दिसत नाही. सुमारे १० किमी. उंचीवरील हवेच्या रेणूंकडून परतणाऱ्या त्याच्या प्रकाशावरून विकृती मोजली जाते व आरशाचा आकार सेकंदाला हजाराहून अधिक वेळा बदलला जातो.

या प्रणालीने २०१२ मध्ये केप्लर यानाला ग्रहांची चिन्हे आढळलेल्या ७१५ ताऱ्यांचे वेध घेतले. त्यांच्या निकट ५३ सहचर तारे आढळले. सहचराचा प्रकाश मिसळला असल्यास ग्रह वास्तवापेक्षा लहान भासतो. म्हणून अशी तपासणी आवश्यक असते. २०१५ मध्ये ही प्रणाली किट पीक येथे हलविण्यात आली. गिरवलीच्या दूरदर्शकासाठीही तशीच प्रणाली बनविण्याचे काम आयुकाने हाती घेतले.

मात्र पावसाळी ढगांवर या तंत्राचा इलाज नाही, आणि दुरुस्त होणारे क्षेत्र अरुंद असते. तरीही मध्यम आकाराच्या दूरदर्शकांना त्यामुळे नवे महत्त्व आले आहे.