लहुजी वस्ताद : शिपाईगिरीतून गुरुपदाकडे

पेणहून पनवेलच्या रस्त्याने जाताना कर्नाळ्याचा सुळका मागे पडला की शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी येथेच झाला, हे पेण-रोह्याकडील आपल्या ज्ञातिबांधवांस ठाऊक आहेच. परंतु त्यांस शस्त्रविद्या देणारा गुरू कोण, याची विचारपूस क्वचितच होते. त्या गुरूचा अल्प परिचय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

लहुजी राघोजी साळवे यांचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ रोजी पुरंदरच्या पायथ्याशी, मांग समाजातील एका लढवय्या घराण्यात झाला. दांडपट्टा, तलवार, घोडदौड व नेमबाजी हे शिक्षण त्यांस वडिलांपासूनच मिळाले. पट्ट्याचे पाते लांब व लवचीक असते. हात कोपराजवळपर्यंत लोखंडी आवरणात राहतो, त्यामुळे मनगट वळत नाही आणि सारा वार खांद्यातून व पावलांच्या फिरतीतून काढावा लागतो. अशी विद्या पोथीत वाचून येत नाही; ती गुरूसमोर उभे राहूनच घ्यावी लागते.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली. तीत राघोजी कामास आले, असे परंपरा सांगते. पुढील वर्षी पेशवाई संपली आणि तलवारीवर पोट भरणाऱ्या घराण्यांची चाकरी गेली. विद्या उरली, धनी उरला नाही. अशा वेळी, १८२२ च्या सुमारास, लहुजींनी पुण्याच्या गंजपेठेत तालीम उघडली. शिपायाच्या घरचा मुलगा अशा रीतीने वस्ताद झाला.

जोतीराव फुले व त्यांचे स्नेही सदाशिवराव गोवंडे या तालमीत दांडपट्टा व निशाणबाजी शिकले. पुढे लष्करी हिशेब खात्यातील नोकरीनिमित्त पुण्यास राहिलेले वासुदेव बळवंतही लहुजींचे शिष्य झाले. ज्या काळी मांगाचा स्पर्श विटाळ मानीत, त्या काळी माळी व ब्राह्मण तरुण मांग गुरूपुढे नम्र झाले. जोतीरावांनी अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या, तेव्हा मांग-महारांची मुले तेथे यावीत म्हणून लहुजींनी खटपट केली.

१८७९ मध्ये वासुदेव बळवंतांनी बंड उभारले. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांनी शिरढोणजवळील पळस्प्यावर छापा घातला. बंड मोडले. लहुजींनी १७ फेब्रुवारी १८८१ रोजी देह ठेविला. दोन वर्षांनी त्याच तारखेस वासुदेव बळवंत एडनच्या तुरुंगात निवर्तले.

ज्ञातीच्या स्मरणिकेत परज्ञातीच्या गुरूचे चरित्र कशास, असे कोणी विचारील. आपण दरवर्षी गुणी विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, तो उचितच होय. मात्र त्यांस घडविणाऱ्या गुरुजनांत किती ज्ञातींची माणसे असतात, याचेही स्मरण त्या प्रसंगी व्हावे, एवढीच आमची विनंती आहे.