दवंडी, सोंग आणि फ्लॅश मॉब

गर्दी जमवून माल खपवण्याची रीत आपल्याकडे समाजमाध्यमांच्या फार आधीची आहे. गावात दवंडी पिटली जाई, शहरात टांग्यावर कर्णा लावून सिनेमाची जाहिरात फिरे. आज छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात किंवा एखाद्या मॉलमध्ये अचानक गाणे वाजू लागते, गर्दीतली मुले नाचायला लागतात आणि भोवतीचे मोबाइल वर होतात. या ‘फ्लॅश मॉब’ची कुळकथा तपासताना मला एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो : रस्त्यावरच्या माणसाशी हा खेळ किती प्रामाणिक असतो?

या प्रकाराची सुरुवात निर्हेतुक होती. जून २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानात शंभराहून अधिक लोक एका गालिच्याभोवती जमले आणि थोड्याच वेळात पांगले. पुढे बिल वासिक या संपादकाने हा उद्योग आपलाच असल्याचे जाहीर केले. ४ ऑक्टोबर २००३ रोजी ही लाट मुंबईत, हाजी अलीजवळच्या क्रॉसरोड्स मॉलमध्ये पोहोचली. पोलिसांनी लगेच अशा जमावांना मनाई केली. त्यात नवल नाही; १९५१च्या पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश काढणे आपल्याकडे नित्याचे आहे.

व्यापाराने मात्र हा खेळ पटकन उचलला. २००५ मध्येच फोर्डने ‘फ्यूजन’ गाडीसाठी अशा अचानक जमावांचे जलसे योजले. जानेवारी २००९ मध्ये टी-मोबाइलने लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकात शेकडो नर्तक नाचवले आणि त्याची जाहिरात केली. इथे हिशेब बदलला. स्थानकातले प्रवासी आता ग्राहक उरले नाहीत, ते चित्रफितीतले पात्र झाले. खरा ग्राहक पडद्यासमोर बसला होता.

महाराष्ट्रात या प्रकाराला लोकमान्यता मिळाली ती २७ नोव्हेंबर २०११ रोजी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सुमारे दोनशे जण ‘रंग दे बसंती’च्या गाण्यावर नाचले. तीन वर्षांपूर्वी, २६ नोव्हेंबर २००८ला, त्याच स्थानकात गोळ्या चालल्या होत्या. त्या जागी लोक पुन्हा आनंदाने थांबले, याचे मोल मी कमी लेखत नाही. यूट्यूबवर ती चित्रफीत लाखोंनी पाहिली. त्यानंतर महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांपासून मतदार जागृतीपर्यंत सगळ्यांनीच हा साचा वापरला.

नाचात निदान कोणाची फसवणूक नसते. थट्टेच्या जाहिरातीत ती असते. जून २०२३ मध्ये अभिनेत्री काजोलने आयुष्यातल्या कठीण परीक्षेचा उल्लेख करून समाजमाध्यमांतून विश्रांती जाहीर केली. ती ‘द ट्रायल’ या मालिकेची जाहिरात निघाली. २ फेब्रुवारी २०२४ला पूनम पांडे यांचे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने निधन झाल्याची बातमी त्यांच्याच खात्यावरून आली आणि दुसऱ्या दिवशी त्या जिवंत असल्याचे त्यांनीच सांगितले. हेतू जनजागृतीचा सांगितला गेला. पण त्या आजाराने घरातले माणूस गमावलेल्यांनी तो एक दिवस कसा काढला असेल?

आपल्याकडे थट्टेचीही परंपरा आहे. बहुरूपी खाकी कपड्यांत पोलीस होऊन दारात येतो, खोटेच दरडावतो, घरच्यांना क्षणभर घाबरवतो. मग तिथेच, त्याच माणसांसमोर हसवतो आणि बिदागी मागतो. संभाजीनगरपासून जवळच असलेल्या पैठणच्या एकनाथांनी भारुडात वासुदेव, जोशी यांची सोंगे उभी केली. त्यांचाही अर्थ ऐकणाऱ्यासमोरच उलगडतो. सोंग घेणारा समोर उभा असतो, त्याला जाब विचारता येतो, बिदागी नाकारताही येते.

मोबाइलवरच्या थट्टेत ज्याला घाबरवले त्याला हसण्याची वेळच येत नाही. हसतात ते दूरचे प्रेक्षक आणि बिदागी जाते तिसऱ्याकडे. चित्रण करण्यापूर्वी विचारावे, किमान ते प्रसिद्ध करण्यापूर्वी संमती घ्यावी, एवढी साधी रीत पाळली तरी हे अंतर बरेच कमी होईल. नाहीतर उद्या चौकात कोणी खरोखरच कोसळले, तर लोक मदतीला धावण्याआधी कॅमेरा कुठे लपवला आहे ते शोधतील. चौकातला हा विश्वास कोणत्याही जाहिरातीच्या खर्चात धरलेला नसतो.